थोरल्यानं धाकटं व्हायचं

खोडदच्या अक्षदाला नाट्यशास्त्राच्या तोंडी परीक्षेत नूतन मॅडमनी विचारलं, "तादात्म्य म्हणजे काय?"

अक्षदानं घडाघडा सांगितलं. नट स्वतःला विसरून पात्राशी एकरूप होतो, ते तादात्म्य. उत्तर बरोबर होतं. पुस्तकात होतं तसंच होतं, स्वल्पविरामांसकट.

"छान," मॅडम म्हणाल्या. "हे तुला कधी झालंय?"

अक्षदानं पुस्तक आठवून पाहिलं. त्यात हे नव्हतं.

"बरं, कुणाला होताना पाहिलंयस?"

तेही नाही. नूतन मॅडम मूळच्या पेठच्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी नापास केलं नाही. त्याहून अवघड केलं, प्रकल्प दिला. स्वतःच्या गावात पाच दिवस नाट्यकार्यशाळा घ्यायची, गावातलीच माणसं घेऊन. शेवटच्या दिवशी मी येईन, आणि एक तरी सिद्धान्त मला माणसाच्या अंगात उतरलेला दिसला पाहिजे.

आता अक्षदाला हे गाव सोडून दुसरीकडे कुठेही कार्यशाळा घ्यायला आवडलं असतं. कारण या गावात तिचे आप्पा, म्हणजे वडील भिमाजी राहतात, आणि एका बांधापलीकडे तिचे नाना, म्हणजे धाकटे चुलते चिमाजी राहतात, आणि या दोघांमध्ये चार वर्षं एक शब्द गेलेला नाही.

भांडण बांधाचं. बांध कोरणं हा आमच्याकडचा शांततेच्या काळातला खेळ आहे. नांगरताना शेजाऱ्याच्या अंगानं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घ्यायचं, शेजाऱ्यानं पुढल्या वर्षी ते परत घ्यायचं. दोघांनाही त्यात फारसं वाईट वाटत नाही. चोरीसुद्धा पाळीपाळीनं केली की तिला रीत म्हणतात. पण हे दोघं सख्खे भाऊ. सख्ख्या भावानं कोरलं की जमीन राहते बाजूला, आणि भलतंच काहीतरी कोरलं जातं.

अक्षदाला जमिनीचं काही नव्हतं. तिला चिमाजींच्या बायकोचं, इंद्रायणीकाकीचं होतं. लहानपणी आई दिवसभर रानात, त्यामुळे पोर वाढली ती काकीच्या ओट्यावर. वेणी काकीनं घातली, पोहायला काकीनं शिकवलं, पहिल्यांदा नाटकात भालदार झाली तेव्हा मिशी काकीनं काजळानं काढली. त्या काकीच्या गुडघ्याचं दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. कांदा खुरपताना मान वर केली की पडवीतली बाज दिसायची आणि बाजेवरची काकी दिसायची. काकीलाही ही दिसायची. दोघी हातसुद्धा करायच्या नाहीत, कारण दोन्ही बाजूंना आपापले पहारेकरी खुरपत असायचे. आमच्याकडे कुणी मेलं तर वैरीही जातो, त्याला कुणी काही म्हणत नाही. विचारपूस करायला मात्र नातं लागतं.

अक्षदानं एकदा वडिलांना विचारून पाहिलं होतं.

"जा की," भिमाजी म्हणाले. "मी कुठं धरलंय? जा, आन् मग ऱ्हा तिकडंच."

याला परवानगी म्हणायचं की बंदी, हे कुठल्याच शास्त्रात दिलेलं नाही. ती गेली नाही.

मग प्रकल्पासाठी पुस्तक चाळताना तिला एक प्रयोग सापडला. एखादा तंटा रंगमंचावर मांडायचा. बघणाऱ्यांपैकी कुणालाही वाटलं की नट चुकतोय, तर त्यानं 'थांब' म्हणायचं, उठायचं आणि त्या नटाची जागा घ्यायची. वर एक अट, आपली बाजू आपण मांडायची नाही, समोरच्याची मांडायची. अक्षदानं ते पान दुमडून ठेवलं. मॅडमना सांगितलं, शेवटच्या दिवशी भूमिकांची अदलाबदल दाखवते. ते खरंच होतं. बाकीचं तिनं सांगितलं नाही.

कार्यशाळा समाजमंदिरात भरली. वेळ दुपारची, कारण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि दुपारी माणसं मोकळी असायची. मोकळी आणि अर्धी झोपलेली. दाराबाहेर लांबवर रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिशा दिसत होत्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. या गावात इतकं एकमत दुसऱ्या कशातच नाही.

भिमाजी आले, कारण पोरीच्या मार्कांचा प्रश्न होता. चिमाजी आले, कारण भिमाजी आले. न यावं तर गाव म्हणणार, भावाला भ्याला. एक भिंतीच्या या टोकाला बसला, दुसरा त्या टोकाला. मध्ये आम्ही दहा-पंधरा जण, म्हणजे थोडक्यात बांधच.

पहिल्या दिवशी अक्षदानं सगळ्यांना उताणं झोपवलं. डोळे मिटा, अंग सैल सोडा, आता आपला श्वास ऐका. नटाचं शरीर आधी रिकामं व्हावं लागतं, असं शास्त्र आहे. रात्रभर पाणी भरलेली माणसं ती. पाच मिनिटांत श्वास इतके मोठ्यानं ऐकू यायला लागले की बाहेरचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं. पाऊण तासानं सगळे ताजेतवाने उठले आणि म्हणाले, नाट्यशास्त्र लई चांगलं हाय, उद्या पण घे.

दुसऱ्या दिवशी 'जणू काही'. हातात कप नाही, पण जणू काही आहे. चहा नाही, पण जणू काही गरम आहे. एसटीतून निवृत्त झालेले सावळेराम कंडक्टर यांनी हवेतला कप तोंडाला लावला, फुंकर मारली आणि परत खाली ठेवला.

"काय झालं, काका?"

"साखर कमी हाय," सावळेराम म्हणाले. "आन् खरा कवा येणार?"

तिसऱ्या दिवशी चौथी भिंत. रंगमंचाला तीन भिंती खऱ्या, चौथी प्रेक्षकाच्या बाजूची, न दिसणारी. नटानं ती आहे असं धरून चालायचं. यावर मात्र कुणी शंका काढली नाही. भिमाजी आणि चिमाजी समोर बसलेलेच होते. न दिसणारी भिंत धरून चालण्याचा त्यांचा चार वर्षांचा सराव होता. चिमाजींना पाय लांब करायचे होते तर ते म्हणाले, "सावळेरामभाऊ, तिकडच्या पावण्यांना सांगा, सतरंजी आवरा." आणि भिमाजींनी सावळेरामांकडे बघतच सतरंजी आवरली. अक्षदानं ते पाहिलं, पण उदाहरण म्हणून सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी तिनं तंटा जाहीर केला. दोन भाऊ, एक थोरला, एक धाकटा. मध्ये बांध. नावं नाहीत. गाव कुठलंही.

ज्याला त्याला आपल्या पायाचा अंगठा महत्त्वाचा वाटायला लागला.

"कुठलंबी गाव म्हंजी?" सावळेरामांनी विचारलं. "मांजरवाडी धरायची का?"

"चालेल काका."

"मंग बरं. तिथली मान्सं लई भांडखोर."

पाचव्या दिवशी नूतन मॅडम आल्या. पेठवरून स्कूटीवर आल्या होत्या, म्हणून आधी त्यांना पाणी दिलं, मग केसांतली धूळ झाडायला वेळ दिला. मॅडम मागे खुर्चीत बसल्या. अक्षदानं अट पुन्हा सांगितली. जो थोरला असेल त्यानं धाकट्याची बाजू घ्यायची, धाकटा असेल त्यानं थोरल्याची. आणि जी बाजू घेतली ती मनापासून लढवायची, हातचं राखायचं नाही.

कोण उठणार? कुणीच नाही. शेवटी सावळेराम धाकटा झाले, कारण ते घरात थोरले. आणि थोरला झाला ज्ञानेश्वर डेअरीवाला, कारण त्याला दूध घालायला जायचं होतं आणि हे लवकर संपावं असं वाटत होतं.

सावळेरामांनी सुरुवात केली. "हे बंधो, तू माझ्या बांधावर आक्रमण केलंस. मी तुझा निषेध करतो."

"बरं," ज्ञानेश्वर म्हणाला.

"तुला लाज कशी वाटली नाही?"

"वाटली की."

तंटा इथेच मिटत होता. अक्षदाचा चेहरा उतरला. सावळेराम मात्र आता रंगात आले, छाती पुढे काढून, हात उंचावून, पूर्वी घाटात गाडी मागे घ्यायला सांगायचे तसे. आणि भिंतीच्या या टोकाला भिमाजी चुळबुळायला लागले. धाकटा भाऊ असा बोलतो होय? तो कधी छाती काढून बोलला का? त्याला कुणी पाहिलंय का?

"थांब," भिमाजी म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. पण आता सगळे बघत होते. ते उठले, सावळेरामांना हातानं बाजूला केलं आणि जागेवर उभे राहिले. आधी डावा खांदा थोडा पाडला. मग मान तिरकी केली. मग बोलायच्या आधी कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळली. चिमाजी भांडायच्या आधी असंच करतात, शाळेपासून. हॉलमध्ये खसखस पिकली. त्या टोकाला चिमाजींचा हात कानाजवळ पोचला होता, तो त्यांनी घाईनं खाली घेतला.

"दादा," भिमाजी म्हणाले, बारीक, चिरक्या, अगदी चिमाजींच्या आवाजात. "तुझं जरा काम व्हतं."

चार वर्षांत त्या दोन घरांमध्ये 'दादा' हा शब्द उच्चारला गेला नव्हता. तो पहिल्यांदा उच्चारला, आणि उच्चारला तो दादानंच.

ज्ञानेश्वरनं दाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "बोल की."

"थांब," त्या टोकाचे चिमाजी म्हणाले. "थोरला कवा 'बोल की' म्हनतो? थोरला आदी ऐकूनच घेत न्हाई."

ते उठले. ज्ञानेश्वर सुटला, सरळ डेअरीला गेला. चिमाजींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, पोट पुढे केलं आणि दोनदा खाकरले. आता तर मॅडमसुद्धा हसल्या. अक्षदा हसली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि हातातला खडू तिनं मोडला होता.

"काय काम?" चिमाजी भिमाजींच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुझी कामं मला ठाव हायेत. बांधाचंच आसंल."

"बांधाचंच हाय. तू दोन तासं आत आलायस, दादा."

"मी? बांध आज्ज्यापास्नं हाय तितं हाय. तूच सरकलाय."

"मी कशाला सरकू? वाटनीत वरचा तुकडा तू घेतलास. कॅनॉलचं पानी पयलं तुला. माझ्याकडं येतंय तवर पाळी संपती. मी कवा बोललो का?" हे वाक्य चिमाजींनी उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. ते भिमाजींनाच सुचलं होतं, म्हणजे इतकी वर्षं त्यांच्याच पोटात होतं. "न्हाई बोललो. आई म्हनली व्हती, थोरल्याला पयलं घेऊ दे. म्हून न्हाई बोललो."

चिमाजी खाकरले. हे खाकरणं कुणाचं होतं ते नक्की सांगता येत नाही.

"आन् तू?" ते म्हणाले. "तू कावीळ होऊन सा म्हैने पडला व्हतास, तवा तुझं वावर कुनी केलं? कांदा कुनी काढला? भरला कुनी? म्या. माझा कांदा रानात भिजला आन् तुझा वखारीत गेला. आन् तू उठून बसला तवा काय इचारलंस? दादा, जेवलास का, आसं इचारलंस? न्हाई. गेलास आन् बांध बघून आलास."

हे मात्र भिमाजींनी कधी म्हटलेलं नव्हतं. चार वर्षांत आईपाशी नाही, बायकोपाशी नाही, पारावर नाही. आणि चिमाजींना ते तोंडपाठ होतं.

अक्षदाला वाटलं, आता. आता दोघं गप्प होतील, एकमेकांकडे बघतील. पुस्तकात या जागी तसंच लिहिलेलं होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं जुन्नर तालुका पाहिलेला नसावा. आमच्याकडे माणसाला एकदा वादात उभा केला की त्याला जिंकायचं असतं. कुणाच्या बाजूनं, हा प्रश्न दुय्यम आहे.

भिमाजींच्या कपाळाला घाम आला होता. धाकट्याची बाजू त्यांनी घेतली होती, आणि धाकटा हरत होता. त्यांच्या देखत धाकटा कधी हरला नव्हता. लहानपणी धाकट्याला कुस्तीत उतरवायचे तेव्हासुद्धा त्याच्यासाठी बाहेरून डाव ओरडायचे.

"पुरावा देऊ का, दादा?" भिमाजी म्हणाले.

"दे की."

"हद्दीचा दगड कुटंय?"

"मला काय ठाव?"

"तुला न्हाई ठाव? तुझ्या पान्याच्या मोटारीच्या खोलीला जी पायरी हाय, ती उलटी करून बघ. खालच्या अंगाला मोजनीवाल्याची निशानी हाय. दगड तू उचललास, दादा, आन् पालता घालून पायरीला बसवलास. आता बोल."

भिमाजींनी विजयानं सगळीकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की पायरी त्यांची आहे.

चार वर्षांपूर्वी मोजणी झाली, तेव्हा तो दगड सापडला नव्हता म्हणून ती अर्धवट राहिली होती. सगळ्या गावानं शोधला होता. भिमाजींनी पुढे होऊन शोधला होता.

खरं तर वाद संपला होता. चिमाजींनी नुसतं गप्प बसायचं होतं, जमीन त्यांची होती. पण त्यांनी थोरल्याची बाजू घेतली होती, आणि थोरला असा भर समाजमंदिरात तोंडावर आपटलेला त्यांना बघवेना. त्यांनी हात पाठीमागे आणखी घट्ट बांधले.

"बसवला," ते म्हणाले. "बसवला म्या. पन त्याच्या आदी त्यो उपटला कुनी, त्ये सांग की. रोटर मारताना तुझ्याच ट्रॅक्टरनं उपटला. आन् तू काय केलंस? मला हाक मारलीस? त्यो बांधावर आडवा टाकलास आन् वर उसाचं पाचट पसरून गेलास. पयली चोरी तुझी. म्या नुसता पडलेला उचलला."

आता चिमाजींनीही सगळीकडे पाहिलं. ट्रॅक्टर त्यांचा होता.

दोघं समोरासमोर उभे. एकाचा खांदा अजून पडलेला, दुसऱ्याचे हात अजून पाठीमागे. आता आपापल्या अंगात परत कसं जायचं हे दोघांनाही कळेना. हे त्या पुस्तकात सांगितलेलं असतं, पण अक्षदा ते सांगायच्या अवस्थेत नव्हती.

सावळेरामांनीच विचारलं, "मंग जिकलं कोन?"

"मी," भिमाजी म्हणाले.

"मी," चिमाजी म्हणाले.

आणि दोघंही आपापल्या टोकाला जाऊन बसले. गळाभेट वगैरे काही झालं नाही. तशी अपेक्षा धरून दोन बायका पदर डोळ्यांपर्यंत नेऊन बसल्या होत्या, त्यांनी तो परत खाली घेतला.

मॅडम निघताना अक्षदा स्कूटीपर्यंत गेली. "मॅडम, आप्पांनी दगडाचं सांगितलं ते तादात्म्य होतं का? का ते भानावर होते? भानावर असते तर बोलले नसते. आणि स्वतःला विसरले असते, तर पायरीची गोष्ट आठवली कशी?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी अकरा वर्षं शिकवतेय, मला असं कुणी करून दाखवलं नव्हतं. तू लिही."

"काय लिहू?"

"हेच. की मला माहीत नाही. फक्त हे कसं घडलं ते नीट लिही."

अक्षदानं मान हलवली. पण तिचं लक्ष मार्कांत नव्हतं. दोन्ही भाऊ दोन वाटांनी घरी गेले होते, रोजच्यासारखे.

सकाळी ती उठली तेव्हा मोटारीच्या खोलीला पायरी नव्हती. भिमाजी बांधावर होते, दगड आडवा पाडून त्यावर बसलेले. पलीकडून चिमाजी आले. त्यांच्या हातात दोरी होती.

पेच असा होता. भिमाजींनी कबूल केलं असतं की दगडाचं बोललो ते नाटकातलं होतं, तर ते काल हरले असते. चिमाजींनी म्हटलं असतं की पाचट वगैरे खोटं, तर ते हरले असते. दोघंही सगळ्यांसमोर जिंकलेले होते. आणि जिंकलेलं टिकवायचं तर समोरच्याची बाजू खरी मानणं भाग होतं.

"दगड इथं बसंल," भिमाजी म्हणाले आणि आपल्या रानात दोन पावलं आत जाऊन पहार टेकवली. थेट भावाशी बोलले, मध्ये सावळेराम नव्हते.

"तितं कशाला?" चिमाजी म्हणाले. "तितं कवाच नव्हता. अलीकडं घे. माझ्यात घे."

"काल तूच म्हनलास ना, मी बसवला म्हून?"

"त्ये तू म्हनलास. मी म्हनलो, म्या उपटला."

"मंग मी बसवला त्ये खरं का न्हाई?"

"खरं हाय. पन उपटला म्या, तर आत मीच जानार."

"सरक बाजूला."

"तू सरक."

आवाज चढायला लागले. खालच्या वस्तीवरची माणसं चूळ भरता भरता थांबून बघायला लागली, की झालं, परत पेटलं. दोरी एकानं इकडे ओढली, दुसऱ्यानं तिकडे. दोघंही आपलंच रान कापत चालले होते आणि दोघांच्याही तोंडाला फेस आला होता.

अक्षदा जरा वेळ उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे कुणी बघत नाही. ती त्या दोघांच्या मागून गेली, ओल्या ढेकळांतून, पळत नाही, पण फार सावकाशही नाही. मागून हाक आली नाही. पडवीशी पोचली तेव्हा इंद्रायणीकाकी बाजेवर उठून बसली होती. वॉकर जवळ ओढून, मान उंचावत रानातलं भांडण बघत होती.

"ये," काकी म्हणाली. "बाजंवर नको बसू, पाय हलतो. खाली बस. बारीक झालीस."

अक्षदा खाली बसली. गुडघा कसा आहे, हे विचारायचं राहून गेलं, ज्यासाठी एवढं सगळं झालं होतं.

काकीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, केस चाचपले. "त्येल लावत न्हाईस व्हय?" मग म्हणाली, "काल तुझ्या बापानं ह्यांचं सोंग घेतलं म्हनं. सगळं गाव बघून आलं, मीच ऱ्हायले. करून दाखव बरं."

"आत्ता?"

"मंग कवा?"

अक्षदा उठली. आता तिला आप्पा व्हायचं होतं, आणि आप्पा होऊन नाना व्हायचं होतं. तिनं डावा खांदा पाडला. मान तिरकी केली. दोन बोटांत कानाची पाळी धरली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुणाचा होता हे तिचं तिलाच कळलं नाही. "दादा," ती म्हणाली, "तुझं जरा काम व्हतं." आणि पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण रडू आलं.

काकी हसत होती. पोटातून हसत होती, गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे पुसत. "आगं थांब," ती म्हणाली, "हसवू नको, दुखतं." आणि जरा दम घेऊन म्हणाली, "परत कर."